फर्न लेकच्या काठची चौकी

कोलोरॅडोतील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात, फर्न लेक या तळ्याच्या काठी, ओंडक्यांची एक जुनी गस्तचौकी होती. तिच्या भिंतीला पाठ टेकून मी दोनदा शिदोरी सोडली आहे. आत मात्र कधी गेलो नाही, कारण ती रेंजर लोकांच्या कामाची जागा होती. तरीही सुमारे सहा किलोमीटरची चढण चढून २,९०० मीटर उंचीवर पोहोचल्यावर झाडांतून तिचे छप्पर दिसले, की आपण घरी आल्यासारखे वाटे.

ही चौकी १९२५ सालची. उद्यान १९१५ साली स्थापन झाले होते आणि एवढ्या मुलखावर लक्ष ठेवायचे, तर रेंजरला दूरच्या दरीत रात्रीचा निवारा हवाच होता, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा संध्याकाळच्या आत खाली परतणे शक्य नसे. आराखडा राष्ट्रीय उद्यान सेवेतील डॅनियल हल यांचा. त्या काळच्या उद्यान-वास्तुशैलीचा आग्रह असा, की इमारत भोवतालच्या लाकडादगडांतूनच उभी राहावी आणि डोंगरापुढे तिने मिरवू नये. मला हा आग्रह आजही मोलाचा वाटतो. अशा ओंडक्यांच्या घराचे खरे कसब कोपऱ्यात असते: प्रत्येक ओंडक्याला खाच घेऊन तो आडव्या ओंडक्यावर असा बसवायचा, की वरच्या भारानेच सांधा घट्ट होत जावा.

ऑक्टोबर २०१२ मध्ये बेकायदा पेटवलेल्या शेकोटीतून जवळच्याच फॉरेस्ट कॅन्यनमध्ये वणवा लागला. तो बर्फाखालीही महिनोन्‌महिने धुमसत राहिला, पण चौकी वाचली. २०२० साली तसे झाले नाही. २१ ऑक्टोबरला ‘ईस्ट ट्रबलसम’ वणवा एकाच दिवसात एक लाख एकरांहून अधिक पसरला आणि जिथे झाडे वाढतच नाहीत एवढ्या उंचीवरची उघडी, खडकाळ जलविभाजक डोंगररांग ओलांडून त्याच्या ठिणग्या पूर्वेकडच्या जंगलात येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी एस्टेस पार्क गाव रिकामे करावे लागले. आमच्या अंगणातल्या गाडीच्या काचेवर राखेचा पातळ थर बसला होता आणि बोट लावले, की पिठासारखा विरत होता. पुढे उद्यानाने जळालेल्या इमारतींची नावे जाहीर केली, त्यांत फर्न लेकची चौकी होती. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

माझ्याकडे तिची दोनच छायाचित्रे आहेत. दोन्हींत पुढे आम्ही आहोत आणि ती मागे पुसट आहे. त्याच उद्यानात थंडर लेकजवळ १९३० सालची अशीच एक चौकी आहे. जुलैत बर्फ ओसरले, की तिथे जाणार आहे, आणि या वेळी आधी तिच्या कोपऱ्यांची छायाचित्रे घेणार आहे.