ओमारुरूच्या काटवनात: नामिबियातली पायी शिकार आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

शिकारीसाठी नामिबियाला जाणार म्हटल्यावर घरच्यांनी आणि मित्रांनी जे प्रश्न विचारले, ते सगळे रास्त होते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं, असं मी मानतो. तरीही मी गेलो, कारण तिथलं गणित वेगळं आहे. नामिबियात 1960-70 च्या दशकांतल्या कायद्यांनी शेतमालकाला त्याच्या जमिनीवरच्या ऑरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक अशा हरणासारख्या प्राण्यांवर हक्क दिला. त्याआधी हीच जनावरं गुरांचा चारा खाणारी म्हणून नकोशी होती. हक्क मिळाला तशी ती राखण्याजोगी झाली. 1996 च्या दुरुस्तीनंतर सामुदायिक जमिनीवरच्या गावांनाही असाच अधिकार मिळाला आणि आज तिथे अशी 86 संवर्धन क्षेत्रं आहेत. शिकाऱ्याचा पैसा त्यातल्या अनेकांच्या मिळकतीचा मोठा भाग आहे. हे पटत नसेल त्यानं जरूर जाऊ नये. पण ज्यांना जायचंय त्यांनी नीट जावं, म्हणून हे लिहितोय.

आम्ही तिघं होतो. दाजी बरीच वर्षं टेक्सासमध्ये आहेत आणि दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात. मी पुण्यात रेंजवर कागदाच्या लक्ष्यावर नेम धरणारा. ताई शाकाहारी, बंदुकीला हात न लावणारी, पण रोज पहाटे आमच्या आधी तयार होऊन बसायची.

विंडहुकच्या होसेआ कुटाको विमानतळावर उतरलो. हा विमानतळ शहरापासून सुमारे 45 किलोमीटर पूर्वेला आहे. तिथून उत्तरेला ओकाहांजा, मग पश्चिमेला कारिबिब आणि पुन्हा उत्तरेला ओमारुरू. कारिबिबनंतर एरोंगोचे ग्रॅनाइटचे डोंगर दिसायला लागतात, आणि मग डांबरी रस्ता सोडून मुरमाड रस्त्यानं फार्मवर. मूळचं जर्मन, पण तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं कुटुंब. मुख्य धंदा गुरांचा, शिकार जोडीला.

हा फार्म आम्ही निवडला तो कुंपणामुळे. तिथे उंच जाळीचं कुंपण नाही, गुरांसाठीच्या कमरेएवढ्या तारा आहेत. ऑरिक्स त्या तारांखालून सरपटत जातो, कुडू उभ्याउभ्या वरून झेप घेतो. म्हणजे जनावर आज इथे, उद्या शेजाऱ्याकडे. ते तुम्हाला मिळेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि तशी हमी देणाऱ्याकडे मी जाणार नाही. बुकिंगआधी सरळ विचारा: कुंपण कसलं, जमीन किती, जनावरं तिथलीच की विकत आणून सोडलेली, शिकार पायी की गाडीवरून. उत्तरात टाळाटाळ जाणवली तर दुसरा फार्म बघा. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह शिकारीसाठी सोडण्याचा धंदा चालत आलाय. 2021 मध्ये तिथल्या सरकारनं तो बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. स्वस्तात सिंह मिळतोय म्हणून कुणी त्या वाटेला जाऊ नये, त्याला शिकार म्हणतच नाहीत.

पहिल्या दिवशी जंगलात नेत नाहीत. आधी रायफल तपासायची. टेबलावरून 100 मीटरवर नेम लावायचा आणि मग तिपाईवरून उभ्यानं मारायचं. तिकडे तीन काठ्यांच्या त्या टेकूला ‘शूटिंग स्टिक्स’ म्हणतात, आणि सगळी शिकार त्यावरूनच होते. रेंजवर आडवं पडून मारण्याची सवय इथे फार कामी येत नाही, कारण गवत आणि काटेरी झुडपं कमरेपर्यंत असतात. निघण्याआधी निदान दोन-तीन महिने काठ्यांवरून उभ्यानं सराव करा. गोळी सुटली की डोळा दुर्बिणीवरून न काढता लगेच पुढची गोळी चेंबरमध्ये भरायची सवयही करा. हे सांगून येत नाही, हातालाच यावं लागतं.

नेम कुठे धरायचा यावर पीएचनं बराच वेळ घेतला. (प्रोफेशनल हंटरला तिकडे सगळे पीएचच म्हणतात. परवानाधारक मार्गदर्शक बरोबर असल्याशिवाय परदेशी माणसाला शिकार करताच येत नाही.) आफ्रिकेतल्या या जनावरांचं हृदय छातीत बरंच खाली आणि पुढे असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, खालून एक तृतीयांश उंचीवर गोळी बसायला हवी. दाजींना अमेरिकन हरणाची सवय, त्यांचा नेम थोडा मागे आणि वर जायचा. तो त्यांनी तिथे चित्रावर बोट ठेवून ठेवून दुरुस्त केला.

आता खरं सांगायचंय ते ट्रॅकरबद्दल, म्हणजे माग काढणाऱ्याबद्दल. आमचा ट्रॅकर दामारा समाजातला, वयानं साठीच्या आसपासचा, बोलायला कमी. पीएचशी आफ्रिकान्समध्ये मोजकं बोलायचा, इतर कामगारांशी आपल्या खोइखोइ भाषेत, टाळ्याला जीभ आपटून काढलेल्या आवाजांसकट. पहाटे पाणवठ्याजवळ बक्की, म्हणजे पिकअप, सोडली आणि तो वाळूवर वाकला. रात्रीत तिथे गुरं, रानडुकरं, कोल्हे, ऑरिक्स सगळे येऊन गेले होते. त्यानं गवताची काडी मोडून एका खुरावर टेकवली. टोकाकडे बोथट, रुंद: नर. कडा अजून ढासळलेल्या नाहीत: पहाटेचा. सोबत दुसरे ठसे नाहीत: एकटा, म्हणजे बहुधा म्हातारा. पुढे लेंड्या सापडल्या. त्यातली एक त्यानं बोटांनी फोडून मला दाखवली, आत ओल होती. आणि मग आम्ही चालायला लागलो.

ते चालणं म्हणजेच ही सगळी सफर. दगडावर माझ्या डोळ्याला काहीच दिसत नसताना तो पुढे जात राहायचा. माग हरवला तर मागे न वळता अर्धवर्तुळ घेऊन पुढे कुठेतरी पुन्हा पकडायचा. कापडी पुरचुंडीतून मधूनमधून राख झटकून वारा बघायचा. वाटेत सगळं काटवन. त्यातलं ‘वाख-अ-बिकी’ नावाचं झाड आपल्या बोरीच्याच कुळातलं आहे, एक काटा सरळ आणि एक आकड्यासारखा वळलेला. अंगरखा अडकला की जोर न लावता मागे सरकून सोडवायचा, हे कोकणात-देशावर बोरं काढलेल्याला शिकवावं लागत नाही.

एका उतारावर आम्हाला ऑरिक्स दिसला, पण तो दुसराच. लांबलचक सरळ शिंगं, तलवारीसारखी. माझा हात रायफलीकडे गेला आणि ट्रॅकरनं मान हलवली. मादी. ऑरिक्समध्ये नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, मादीची लांब आणि बारीक, नराची आखूड पण बुडाशी जाड. तिच्यामागे गवतात तांबूस पिल्लू होतं, ते मला नंतर दिसलं. शिंगांची लांबी इंचात मोजून भाव ठरवणारे शिकारी असतात. अशा माणसाला त्या क्षणी ती मादी सर्वात मोठी ‘ट्रॉफी’ वाटली असती. म्हणून सांगतो, फार्मवर पोचल्याबरोबर स्पष्ट बोला: मला म्हातारं, कळपाबाहेर पडलेलं जनावर हवंय, शिंगं झिजलेली असली तरी चालतील. ट्रॅकरचा चेहरा हे ऐकून बदलला, तो मी पाहिला.

दुपारी वारा फिरला आणि पीएचनं माग सोडून दिला. पाठीवरून आमचा वास पुढे जात असताना चालत राहण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी तोच ठसा पुन्हा सापडला, पुढच्या डाव्या खुराला असलेल्या खाचेवरून. ऊन चढल्यावर तो आम्हाला पांढऱ्या बुंध्याच्या विटखाटच्या झाडाखाली उभा दिसला, सुमारे 130 मीटरवर, तोंड आमच्याकडे. काठ्या रोवल्या. पीएच कानाशी म्हणाला, थांब. समोरून मारायचं नाही. किती वेळ गेला माहीत नाही, पण खांदा दुखायला लागला होता. माशी हाकलायला ऑरिक्सनं मान वळवली, मग अंग वळवलं, आणि मी चाप ओढला.

तो उडाला आणि झुडपांत घुसला. धावत मागे जायचं नाही, हा इथला नियम. जखमी ऑरिक्स शिंगांनी सिंहालाही भारी पडतो. थोडं थांबून ट्रॅकर पुढे झाला आणि पानावरचं रक्त त्यानं बोटावर घेतलं. फिकट लाल, फेसाळ: फुप्फुस. काळपट असेल तर यकृत, हिरवट कण असतील तर पोट, आणि मग तासन्‌तास थांबावं लागतं. हा ऑरिक्स साठेक पावलांवर पडला होता. मागच्या बाजूनं जाऊन लांब काठीनं डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही, तेव्हाच आम्ही जवळ गेलो. शिंगांची टोकं झिजलेली, दातही जवळपास सपाट. पीएचनं झाडाची छोटी फांदी तोडून त्याच्या तोंडात ठेवली, शेवटचा घास म्हणून. जर्मन वळणाच्या फार्मांवर ही रीत अजून पाळतात. सगळ्यांनी टोप्या काढल्या. फोटो त्यानंतर, रक्त पुसून, आणि जनावरावर बसून कधीच नाही.

दाजींना स्प्रिंगबॉक मिळाला. पडल्यावर त्याच्या पाठीवरचा पांढऱ्या लांब केसांचा पट्टा पंख्यासारखा उलगडतो आणि त्यातून मधासारखा गोड वास येतो. पीएच म्हणाला, नाक लावून बघा, काही मिनिटांतच जातो. ताईनंही घेतला तो वास, आणि त्यानंतर बराच वेळ ती गप्प होती.

जनावराचा कुठलाच भाग वाया जात नाही. दोन क्विंटलचा ऑरिक्स क्रेननं टांगून तासाभरात सोलला गेला. आतडी-कोथळा कामगारांनी घेतला, बाकी मांस शीतगृहात, तिथून फार्मचं स्वयंपाकघर आणि गावातला खाटीक. त्या रात्री कांद्यावर परतलेली कलेजी होती. नेलेला कांदा-लसूण मसाला वापरून मी एकदा रस्सा केला. ऑरिक्सच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तेल सढळ घालावं लागतं आणि मंद आचेवर वेळ द्यावा लागतो. स्वयंपाकीणबाईंनी त्याच्याबरोबर महांगूची घट्ट उकड केली. महांगू म्हणजे आपली बाजरीच, उत्तर नामिबियाचं रोजचं अन्न. शाकाहारी कुणी असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा आणि चिकनसुद्धा चालत नाही हे वेगळं लिहा. डाळ, पोहे, लोणचं बरोबर ठेवा.

खर्चाचे दोन भाग असतात: राहण्या-फिरण्याचा रोजचा दर आणि प्रत्येक जनावराची वेगळी फी. न मारणाऱ्या सोबत्याला रोजचा दर कमी लागतो. जखमी होऊन हरवलेल्या जनावराची फी पूर्ण भरावी लागते, आणि ते योग्यच आहे. दरपत्रक लेखी घ्या, विमानतळाची ने-आण आणि कर त्यात आहे का ते पाहा. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक, दोन्ही तिथे चालतात. बक्षिसी ट्रॅकर, सोलणारे, स्वयंपाकी यांना स्वतःच्या हातानं द्या.

रायफल भाड्यानं घ्या. भारतातून नेण्याची कागदपत्रं डोकेदुखीची आहेत आणि जोहान्सबर्गमार्गे जाताना तिथल्या पोलिसांचा परवाना वेगळा लागू शकतो. कायद्यानं स्प्रिंगबॉकसाठी किमान 1350 जूल आणि ऑरिक्स-कुडूसाठी 2700 जूल ऊर्जेचं काडतूस लागतं. .308 किंवा .30-06 दोन्हीला पुरून उरतं. ऑटोमॅटिक, सेमी-ऑटोमॅटिक आणि पिस्तूल चालत नाही.

शिंगं, कातडं, मांस यातलं काहीही भारतात आणायचा विचार करू नका. आपल्या आयातीच्या नियमांत ते बसत नाही आणि कस्टमवर अडकलात तर प्रकरण गंभीर होतं. मी शिंगं फार्मवरच ठेवली.

आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर यलो फीवरची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या, सरकारमान्य केंद्रावरच. या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतताना 6 दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. ओमारुरूकडे मलेरियाचा धोका कमी आहे, पण उत्तरेला कावांगो-झांबेझीकडे जाणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या. एखादा कुडू माणसाला न घाबरता जवळ आला, तोंडातून लाळ गळत असली, तर हात लावू नका. तिथल्या कुडूंमध्ये रेबीज आहे.

कपडे खाकी किंवा मातकट हिरवे. लष्करी छापाचे नकोत, शेजारच्या बोत्स्वाना आणि झिंबाब्वेत तर त्यावर बंदीच आहे. बूट आधी घरी चालून मऊ केलेले. जून-जुलैत पहाटे पारा शून्याजवळ जातो, उघड्या बक्कीत हातमोजे-कानटोपी लागतेच, आणि दुपारी अर्ध्या बाह्या. गाडी स्वतः चालवणार असाल तर सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचा, अंधारात कुडू रस्त्यावर उडी घेतात.

हंगाम 1 फेब्रुवारी ते 30 नोव्हेंबर. सुरुवातीला पावसानं गवत उंच असतं आणि जनावर दिसत नाही. मे ते ऑगस्ट सर्वात चांगले, पण त्या तारखा वर्षभर आधी भरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन कडक, पण पाणवठे आटल्यामुळे माग सापडणं सोपं. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी सप्टेंबर धरावा आणि चालणं पहाटेच उरकावं.