लास वेगास: दिवे, डाव आणि तेरा टीएमसी पाणी

लास वेगासला निघालो तेव्हा ओळखीच्या जवळपास प्रत्येकानं विचारलं, "तुम्ही दोघं पत्त्याला हात लावत नाही, मग तिथं जाऊन करणार काय?" आता जाऊन आल्यावर उत्तर देते: पोटभर बघणार! मी कराडला शाळेत गणित शिकवलं, आणि ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. आकडे आणि पाणी हे आमच्या घरातले रोजचे विषय. त्या झगमगाटाच्या मुळाशीही हेच दोन विषय निघाले, म्हणून ते गाव आम्हाला मनापासून आवडलं. मुलांकडं अमेरिकेत आलेल्या आणि चार दिवस हाताशी असलेल्या आमच्या वयाच्या जोडप्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लेक कॅलिफोर्नियात, अर्वाइनला असते. तिला रजा नव्हती, म्हणून लॉस एंजेलिसहून आम्ही दोघंच बसनं गेलो. अंतर साधारण 430 किलोमीटर, मधल्या थांब्यांसह पाच-सहा तासांचा प्रवास. बार्स्टो मागं पडलं की मोहावी वाळवंट लागतं. वाळूच्या टेकड्या मनात धरून बसू नका. तिथं खडी, करडी झुडपं आणि बोडके डोंगर आहेत. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाची हद्द लागते तिथंच, प्रिम नावाच्या वस्तीत, सीमारेषेला चिकटून पहिले कॅसिनो दिसले. शुक्रवारी दुपारनंतर जाताना आणि रविवारी परतताना हा रस्ता तुंबतो, त्यामुळं सोमवार ते गुरुवार धरा. खोल्यांचे दरही त्याच वारांना उतरतात. जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सचं भलं मोठं प्रदर्शन भरतं आणि 2023 पासून नोव्हेंबरात शहराच्या रस्त्यांवरच फॉर्म्युला वनची शर्यत होते. ते आठवडे टाळलेले बरे.

आम्ही ऑक्टोबरअखेर गेलो. दिवसा हिंडता येत होतं, रात्री पातळ स्वेटर लागला. उन्हाळ्यात मात्र आमच्या वयाच्या कुणी जाऊ नये असंच मी म्हणेन. 7 जुलै 2024 रोजी तिथं 120 अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 49 अंश सेल्सियस नोंदलं गेलं. हवा इतकी कोरडी, की घाम आलेला कळतच नाही आणि अंगातलं पाणी कमी होत जातं. बाटली कायम जवळ ठेवा.

खोलीचं आरक्षण करताना डोळ्यांत तेल घालून आकडे बघा. खोली चाळीस-पन्नास डॉलरला दिसते, पण त्यावर रोजची 'रिसॉर्ट फी', म्हणजे हॉटेलातल्या सोयींच्या नावाखाली सक्तीची आकारणी, लागते. मोठ्या हॉटेलांत ती बहुधा चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात असते, म्हणजे कधी कधी खोलीइतकीच. वर साधारण 13 टक्के कर. मे 2025 पासून ही फी धरूनच दर दाखवायचा असा नियम आला आहे, तरी शेवटच्या पानावरची बेरीज बघितल्याशिवाय पैसे भरू नका. खोली ताब्यात देताना कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, म्हणून तिथं क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डातले पैसे मोकळे व्हायला दिवस जातात. आणि खोलीतल्या फ्रीजमधली वस्तू नुसती उचलून पाहायची असेल तरी थांबा. कित्येक ठिकाणी त्याखाली सेन्सर असतो आणि बिलात ती वस्तू लागते. पाणी, फळं, बिस्किटं रस्त्यावरच्या औषधांच्या मोठ्या दुकानांत स्वस्त मिळतात.

मुख्य रस्त्याला सगळे 'स्ट्रिप' म्हणतात. लांबी जेमतेम सात किलोमीटर, पण इमारती एवढ्या अजस्र आहेत की "ते काय, समोरच तर आहे" म्हणून निघालं की अर्धा तास मोडतो. एक हॉटेल पिरॅमिडचं, एकात व्हेनिसचे कालवे आणि छतावर रंगवलेलं आभाळ, एकाच्या दारात निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर. नकली आहे हे ठाऊक असूनही कारागिरी बघत राहावीशी वाटते. रस्ता ओलांडायला पादचारी पूल आहेत, सरकते जिने आहेत. मात्र 2024 पासून या पुलांवर थांबायला बंदी आहे, त्यामुळं फोटो काढायचे ते खाली उतरून काढा. पाय दुखले तर 'ड्यूस' नावाची दुमजली बस चोवीस तास धावते. दिवसभराचा पास साधारण आठ डॉलरला पडतो आणि तोच जुन्या गावातल्या फ्रीमाँट स्ट्रीटपर्यंत चालतो. काही हॉटेलांमध्ये फुकट ट्रामही आहे. पिसांचे मुकुट घातलेल्या मुली किंवा कार्टूनच्या वेषातली माणसं फोटोला बोलावतात; त्याचे पैसे मागतात हे लक्षात असू द्या. "फुकट शोची तिकिटं देतो" म्हणणाऱ्यांना हात जोडून पुढं जा. त्या तिकिटांसाठी टाइमशेअरची, म्हणजे सुट्टीच्या घरात वर्षातले काही दिवस विकत घ्यायच्या योजनेची, दोन-तीन तासांची जाहिरात ऐकावी लागते.

हॉटेलात शिरलात की लिफ्टकडं जायला, जेवायला जायला, बाहेर पडायला, सगळीकडं वाट कॅसिनोतूनच जाते. घड्याळ दिसत नाही, खिडकी नाही, दिवस-रात्र एकाच उजेडात. सिगारेट ओढायलाही परवानगी असते. दम्याचा त्रास असेल तर पार्क एमजीएम हे पूर्ण धूम्रपानमुक्त हॉटेल आहे, तिथं उतरा.

रूलेटच्या टेबलामागं मी बराच वेळ उभी राहिले. फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या घरात थांबतो त्यावर पैसे लावायचे, असा हा खेळ म्हणजे संभाव्यतेचा धडाच आहे. चाकावर 1 ते 36 आकडे, शिवाय एक शून्य आणि एक दुहेरी शून्य, म्हणजे घरं 38. तुमचा आकडा आला तर एका डॉलरवर 35 डॉलर मिळतात आणि तुमचा डॉलर परत येतो, म्हणजे हातात 36. आता समजा सगळ्याच घरांवर एकेक डॉलर लावला. खर्च 38, हाती 36. चेंडू कुठंही पडो, दोन डॉलर गेले ते गेलेच. हीच मालकाची 5.26 टक्क्यांची कमाई. लाल-काळ्यावर लावलं तरी तेच, कारण लाल घरं 18, काळी 18 आणि हिरवी दोन शून्यं दोघांच्याही विरुद्ध. हल्ली स्ट्रिपवर तीन शून्यांची टेबलं खूप दिसतात. तिथं 39 लावून 36 मिळतात आणि मालकाचा वाटा 7.69 टक्के होतो. एकच शून्य असलेली टेबलंही आहेत, पण तिथं कमीत कमी बोली मोठी असते. एक मुलगा मागचे निकाल दाखवणाऱ्या पाटीकडं बोट करून बायकोला सांगत होता, पाच वेळा काळा आला, आता लाल येणारच. मला राहवेना. चाकाला स्मरणशक्ती नसते, प्रत्येक फिरकी नवी, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं आहे, आणि इथं त्याच चुकीच्या समजुतीवर माणसं कष्टाचा पैसा लावतात. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाणाऱ्या आपल्या पोरांनीही हे 38 आणि 36 एकदा कागदावर मांडून बघावं.

हौस म्हणून खेळायचंच असेल तर सिनेमाच्या तिकिटाइतके पैसे वेगळे काढा आणि ते खर्ची टाकलेलेच समजा. आम्ही वीस डॉलरची एक नोट यंत्रात घातली. यंत्रं आता सहसा नाणी घेत नाहीत. खेळ थांबवला की उरलेल्या रकमेची कागदी पावती निघते, ती वटवावी लागते. आमची पावती निघायची वेळच आली नाही. वयाची अट 21 वर्षं आहे आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागू शकतात, त्यामुळं मूळ पासपोर्ट जवळ हवा. यंत्रावर मोठं बक्षीस लागलं तर भारतीय पाहुण्याच्या रकमेतून 30 टक्के कर तिथंच कापतात.

संध्याकाळ बेलाजिओ हॉटेलासमोरच्या कारंज्यांसाठी राखून ठेवा. 1998 साली हॉटेल उघडलं तेव्हापासून हा खेळ रोज चालतो, संध्याकाळनंतर दर पंधरा मिनिटांनी, आणि फुकट. हजारावर तोट्या आहेत, सर्वांत उंच झोत 460 फुटांपर्यंत जातो. झोत सुटताना तोफेसारखा आवाज होतो आणि मग पाणी तळ्यावर आदळतं ते छातीत जाणवतं. वारा फार असला तर खेळ रद्द होतो. सगळे ताल धरून बघत होते आणि हे मात्र म्हणाले, "अगं, हे पाणी आणतात कुठनं?" या तळ्याला तिथल्याच विहिरीचं पाणी आहे. पूर्वी त्या जागी गोल्फचं मैदान होतं आणि त्याच्या हिरवळीला ते जायचं. बाकी शहराचं पाणी बघायला दुसऱ्या दिवशी हूवर धरणावर गेलो.

धरण तिथून पन्नासेक किलोमीटर. मोटार नसेल तर अर्ध्या दिवसाच्या सहलीच्या बस हॉटेलांपासून सुटतात. वीजघर आतून दाखवणारी फेरी जरूर घ्या. उंची 221 मीटर, म्हणजे आमच्या कोयनेच्या दुपटीहून जास्त, आणि काम 1931 ते 1936 या काळातलं. काँक्रीट ठोकळ्याठोकळ्यांनी ओतलं आणि प्रत्येक थरात नळ्या पुरून त्यातून गार पाणी फिरवलं, नाहीतर ते निवायला शंभरावर वर्षं लागली असती. ह्यांनी कठड्यावर हात ठेवून हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. या कामावर जीव गमावलेल्या मजुरांची अधिकृत संख्या 96 आहे. वरच पंख उभारलेल्या दोन ब्राँझच्या भव्य मूर्ती बसलेल्या आहेत. सगळं अंग हिरवट काळं, पण पायाची बोटं सोन्यासारखी लखलखीत, कारण नशीब उजळावं म्हणून येणारा जाणारा त्यांना हात लावतो. आम्हीही लावला, विठोबाच्या पायांना लावतो तसा.

पलीकडं मीड तलाव, म्हणजे कोलोरॅडो नदीवरच्या याच धरणाचा जलाशय. पूर्ण भरला तर त्यात बाराशे टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) जास्त पाणी मावतं. पण खडकावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी कुठवर होतं ते सांगणारा. जुलै 2022 मध्ये पातळी 1930 च्या दशकात तलाव भरला तेव्हापासूनच्या नीचांकाला गेली होती. कोलोरॅडो नदीच्या वाटपात कॅलिफोर्नियाला 44 लाख एकर-फूट (एका एकरावर एक फूट उभं राहील ते पाणी म्हणजे एक एकर-फूट) मिळतं, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे 192 टीएमसी. नेवाडाच्या वाट्याला 3 लाख एकर-फूट, म्हणजे जेमतेम 13 टीएमसी! पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या धरणांचा साठा याच्या दुप्पट आहे. तेवढ्यात हे शहर भागतं, कारण घराघरांतलं आणि हॉटेलांतलं गटारात गेलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध करून तलावात परत सोडतात आणि तेवढंच पुन्हा उचलतात. नुसत्या शोभेच्या हिरवळीवर तर 2021 साली कायद्यानंच बंदी आणली. आपल्याकडं सांडपाणी नदीत सोडून देणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेनं हे बघायला माणसं पाठवावीत, असं ह्यांचं आणि माझंही मत झालं.

शाकाहारी जेवणाची चिंता करू नका. विन आणि अँकोर हॉटेलांत शाकाहाऱ्यांसाठी वेगळी मेनूपत्रिका मिळते, पण ती महाग. फूड कोर्टात मेक्सिकन भात-राजम्याचा वाडगा पोटभर होतो. फक्त राजम्यात चरबी घातली आहे का ते विचारा. भारतीय हॉटेलं स्ट्रिपपासून थोडी बाजूला आहेत. आम्ही सोबत मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी नेली होती. सकाळचा खर्च त्यातच वाचला.

धरणावर काम सुरू झालं त्याच 1931 साली नेवाडानं जुगार कायदेशीर केला. मजुरांसाठी वसवलेल्या बोल्डर सिटीत मात्र त्याला बंदी घातली, ती आजही आहे. मजूर पगार घेऊन गावात फ्रीमाँट स्ट्रीटवर यायचे. म्हणून धरण पाहिल्यावर संध्याकाळी फ्रीमाँटला जा, गावाचं मूळ तिथं कळतं. आता रस्त्यावर दिव्यांचं प्रचंड छत आहे, गर्दी दांडगी, आवाज त्याहून दांडगा; रात्री दहाच्या आत परत फिरा. जवळच निऑन म्युझियम आहे. मोडीत निघालेल्या हॉटेलांच्या जुन्या पाट्या तिथं अंगणात मांडून ठेवल्या आहेत, काहींचा रंग उडालेला, काहींमध्ये अजून दिवा लागतो. मला सगळ्या झगमगाटात हीच जागा सर्वांत आवडली. अंधार पडल्यानंतरच्या वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळत नाही. आणि तिथून परतताना बसथांब्यापर्यंत चालत जाण्यापेक्षा टॅक्सी बोलवा, तो भाग रात्री सुनसान असतो.