ऑपरेशन झेपेल का?

अप्पांच्या पोटातली महाधमनी फुगलीय हे कळलं ते प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत. सीटीत रुंदी ५.८ सेंटिमीटर निघाली. पुरुषांमध्ये ५.५ ओलांडलं की सहसा ऑपरेशनचा विचार करतात, म्हणून आता तारीखच मिळणार असं आम्ही धरून चाललो होतो. सर्जननी पाठवलं जेरियाट्रिक ओपीडीत, म्हणजे वयस्कर पेशंटच्या विभागात. इको झालेला, किडनीचे रिपोर्ट हातात. आता आणखी काय राहिलं?

तिथे सुईसुद्धा टोचली नाही. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काका, वर्षभरात पँट सैल झाली का?" अप्पा म्हणाले, "छे." आई म्हणाली, "पट्ट्याला नवीन भोकं कुणी पाडली मग?" पुढे बँकेची कामं कोण करतं, गोळ्या कोण काढून देतं, अंघोळीला मदत लागते का, असं बरंच. मध्यंतरी अप्पा तापाने झोपून होते. ते दिवस धरू नका, त्याआधी कसे होते ते सांगा, असं मॅडमनी बजावलं. हे मला फार रास्त वाटलं.

मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, स्टॉपवॉच लावून. मुठीने यंत्र दाबलं तर काटा २४ किलोवर थांबला. आशियाई पुरुषांत २८ च्या खाली पकड कमजोर समजतात. तीन शब्द लक्षात ठेवून घड्याळ काढायचं होतं. घड्याळ अप्पांनी झकास काढलं, एक शब्द मात्र निसटला.

अशक्तपणा किती आहे हे ठरवायची, कॅनडात तयार झालेली नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे, तिच्यात अप्पा पाचव्या पायरीवर बसले, म्हणजे सौम्य अशक्तपणा. त्या पट्टीत वयाला गुण नाहीत. अप्पांचं ७८ वय ऐकूनच मान हलवणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगितलं!

पोट उघडून ऑपरेशन नको, जांघेतून स्टेंट घालू, असं ठरलं. त्यात कायम अधूनमधून स्कॅन करावे लागतात, तेही सांगितलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "पुन्हा माझा मी चालेन ना?" तोवर जेवणात अंडी-पनीर वाढवलं, खुर्चीतून उठबस सुरू केली. ऑपरेशननंतर भ्रम होऊ नये म्हणून झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली.

अशा तपासणीला जाताना चष्मा, कानाचं मशीन, सगळ्या गोळ्या न्याच, पण रोज घरात सोबत असणारं माणूसही न्या. आमची निम्मी खरी उत्तरं आईनेच दिली.