बाबांची अंगठी

आज इंदूरच्या सराफ्यात जाऊन बाबांची अंगठी अखेर माझ्या मापाची करून आणली. गेले वर्षभर मी ती मागच्या बाजूला दोरा गुंडाळून घालत होते. कणीक मळली की तो दोरा भिजून काळा पडायचा आणि दर पंधरवड्याला नवा गुंडाळावा लागायचा. आईला ते मुळीच आवडत नसे.

अंगठी २२ नंबरची होती आणि माझ्या मधल्या बोटाला १५ नंबर लागला. आपल्याकडच्या मापात एक नंबर म्हणजे आतल्या घेरात साधारण १ मिलिमीटरचा फरक, तेव्हा जवळजवळ ७ मिलिमीटर सोने कापून काढणे आले. हे ऐकताच माझे मन कचरले आणि नुसती दाबून लहान करता येणार नाही का, असे मी सोनारकाकांना विचारले. एखाद-दुसऱ्या नंबरापुरते ते जमते, एवढे उत्तर देऊन त्यांनी भिंग डोळ्याला लावले. तळव्याकडची बाजू रोजच्या वापराने इतकी झिजली होती की कडी तिथे वरच्या निम्म्यानेच जाड उरली होती, आणि नेमकी तिथेच आतून बाबांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली होती. मग त्यांनी अक्षरे सोडून शेजारचा भाग कापला, टोके जुळवली आणि सवागी म्हणजे टाकणखार लावून ज्योतीवर डाग दिला, म्हणजे सोने वितळवून सांधा जोडला. डागाचे सोने अंगठीच्या सोन्याआधी वितळले पाहिजे. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून डागात दुसरे धातू मिसळतात. पूर्वी त्यासाठी कॅडमियम वापरीत आणि त्याचा विषारी धूर कारागिरांच्या छातीत जाई. कॅडमियमच्या डागावरून आलेला ‘केडीएम’ हा शब्द मी लहानपणापासून दागिन्यांच्या पाट्यांवर वाचत आले होते, पण त्यामागे हा धूर आहे हे मला आजवर ठाऊक नव्हते.

अंगठी आगीतून काळी होऊन निघाली, तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला. तेजाबाच्या पाण्यात बुडवून, सळईवर ठोकून गोल करून पॉलिश केल्यावर सांधा कुठे आहे ते मला शोधूनही सापडले नाही. कापलेला तुकडा काकांनी तोलून कागदाच्या पुडीत परत दिला. तो अर्धा ग्रॅमसुद्धा भरला नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पेढ्या बंद होऊन त्यांच्या ओट्यांसमोर गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढया चढत होत्या.

थंडीत बोटे आक्रसतात, तेव्हा आठवडाभर तरी अंगठीबद्दल मत बनवू नका, असे काकांनी निघताना बजावले होते. घरी येऊन गार पाण्याने हात धुतले, तर ती किंचित सैल वाटलीच. दोऱ्याचे रीळ मी अजून उचलून ठेवलेले नाही.