खिडकीजवळची वही

गेली एकोणीस वर्षे मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. यंदाच्या ऑगस्टमध्ये माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील मुख्याध्यापकांच्या खोलीत आले आणि म्हणाले, की मुलाला इंग्रजी माध्यमात घालण्याचा विचार चालला आहे, पण दाखला मागण्याआधी त्याचा वर्ग कसा चालतो ते एकदा डोळ्यांनी बघायचे आहे. मुख्याध्यापकांना ही मागणी रुचली नाही. पालकांनी पालकसभेला यावे, असे त्यांचे मत. मला ते पटले नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली याच कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्या गावात आज एक बाप आपणहून वर्ग बघायला येतो, तर त्याला दारात अडवायचे कशासाठी? मी त्या दोघांना मागच्या बाकावर बसवले.

वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कास्टिंगच्या तपासणीचे काम करतात, आई घरी शिवणकाम करते. हजेरी, पोषण आहाराचा आकडा आणि ओल्या छत्र्यांची व्यवस्था यांत पहिली वीस मिनिटे गेली. मग गणिताचा तास सुरू झाला.

मराठी माध्यमाच्या लहान मुलांना दोन अंकी संख्या का अडतात, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही, कारण आपण ते दुखणे विसरलेलो असतो. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो तेव्हा मुलाच्या कानावर सात आधी पडतात आणि चाळीस नंतर. ते ऐकल्याप्रमाणे ७४ लिहिते. 'एकोणपन्नास'मध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाहीत. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असे वाचन दिले, तेव्हा भाषा बुडाली म्हणून केवढा गदारोळ झाला! त्या वेळी बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या मुलाला सत्तावीस लिहिताना पाहिले असेल, असे मला आजही वाटते. माझ्या वर्गात संख्येचे नाव नंतर येते, आधी काड्या येतात. दहा काड्या मोजायच्या, रबर लावून गठ्ठा करायचा, आणि चार गठ्ठे सात सुट्या असे तोंडाने म्हणत फळ्यावर लिहायचे. हे महिनोन् महिने चालते आणि त्यात वही फारशी भरत नाही.

त्या दिवशी सत्तेचाळीस लिहायला नेमका त्याच जोडप्याचा मुलगा पुढे आला आणि त्याने ७४ लिहिले. आईने मान खाली घातली. मी खोडले नाही, एवढेच म्हटले, की तू लिहिलेस तेवढे गठ्ठे दाखव. उत्तर सांगायला उतावीळ झालेल्या चारपाच जणांना मी हातानेच थांबवले. तो आपल्या गटाकडे गेला आणि सात गठ्ठे मांडू लागला. गटाकडे पाचच होते. त्याने शेजारच्या गटातले दोन मागून आणले, सात मांडले, चार सुट्या ठेवल्या आणि बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत उभा राहिला. मग "बाई, हे लई झालं," असे म्हणून फळ्याजवळ जाऊन स्वतःच पुसले आणि ४७ लिहिले. या सगळ्याला तीन मिनिटे लागली असतील. शिक्षकाने गप्प राहण्याची अशी तीन मिनिटे मला फार मोलाची वाटतात, आणि तपासणीला येणाऱ्या कोणत्याच तक्त्यात त्यांना रकाना नाही.

मधल्या सुट्टीत वडिलांनी मुलाची वही मागितली. "बाई, निम्मी वही कोरीच हाय की. आणि चुकलेलं तसंच ठेवलंय, लाल पेनाची खूणसुद्धा न्हाई."

मी त्यांना समजावून सांगितले. शेजारच्या तुकडीत फळ्यावरचे सुरेख उतरवून वह्या भरतात. तिथल्या बाई कष्टाळू आहेत, अधिकाऱ्यांची शाबासकीही त्यांनाच मिळते, पण त्या वह्यांतली अनेक मुले पाठ्यपुस्तकातले चित्र हाताने झाकले की वाचायची थांबतात. भिंतीवर अडतीस सारखेच आंबे रंगवलेले असतील, तर तो हात मुलांचा नसतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो ते बघा, चुकलेल्या मुलाशी कसा बोलतो ते बघा, मुलाला कधी न पाहिलेल्या चार ओळी वाचायला देऊन बघा. हे सारे मी मनापासून सांगत होते आणि ते मला आजही खरे वाटते. त्यांची शंका पुरती जावी म्हणून मी कपाटातून एक नेटकी वही काढली आणि म्हटले, की समजून लिहिणाऱ्या मुलांची वही अशीही असते.

त्यांनी चार पाने उलटली. "ही त्या खिडकीजवळच्या पोरीची न्हवं? तिनं तर तासभर काडीला हात लावला न्हाई. शेजारची लिहील तसं लिहीत हुती." मग जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नका. आमच्याकडं वर ठेवलेला पीस कुणी मोजत न्हाई, ढिगातला कुठला पण काढायचा असतो. म्हणून माझी नजर तिकडं गेली."

शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवून घेतले. तीन गठ्ठे आणि सहा सुट्या काड्या समोर ठेवल्या आणि किती आहेत ते विचारले. तिने पहिल्या गठ्ठ्याचे रबर काढले आणि एक, दोन, तीन अशी मोजायला सुरुवात केली. मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. गठ्ठ्यात दहाच असतात, हे तिला ठाऊकच नव्हते. अठ्ठावीसनंतर तिने तीस म्हटले आणि ती सदतीसवर पोचली. तिच्या वहीत छत्तीस ही संख्या चार ठिकाणी बिनचूक लिहिलेली आहे.

हाच वर्ग पहिलीपासून माझ्याकडे आहे. पहिलीअखेर मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचे लक्ष्य आहे, आणि एप्रिलमध्ये तिच्या नावापुढे 'साध्य' असे मीच लिहिले होते. गटात पाच-सहा मुले, काड्यांचा संच एक. चलाख मूल काड्या ओढते आणि बाकीचे बघतात, हे मला माहीत होते. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आहे, पण ते गणित साऱ्या शाळेच्या पटावर मांडले जाते आणि माझ्या वर्गात अडतीस मुले बसतात. हे कारण खरे असले, तरी त्या बापाला जे एका तासात दिसले ते मला सव्वा वर्षात दिसले नाही, याचा उलगडा त्याने होत नाही. मी चलबिचल आणि गलबला पाहत होते आणि तेच शिकणे समजत होते. आणि जी मुलगी शांत होती, तिच्याबद्दल मी वहीवर विश्वास ठेवला.

निघताना आईने फाटकाशी विचारले, "घरी काय बघू मी याचं?" मी म्हटले, चिंचोके मोजायला द्या, दहा-दहाचे ढीग आपण होऊन करतो का ते बघा, आणि चुकला तर लगेच सांगू नका. दाखला त्यांनी अजून मागितलेला नाही.

खिडकीजवळच्या मुलीला मी आता स्वतःच्या पन्नास-साठ काड्या आणि रबरांची पुडी दिली आहे. गठ्ठे तीच बांधते, तीच सोडते. काल मी त्रेपन्न सांगितले, तर तिने ३५ लिहिले. शेजारणीच्या वहीत ५३ होते.