शू किती वेळा झाली?

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या मुलाला, चिकूला, चार दिवस ताप होता. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता आणि वजन होतं 15 किलो. पहिल्या रात्री थर्मामीटरवर 102.6 दिसलं. औषध दिलं, अंग पुसलं आणि त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. वरणभात केला, रव्याची खीर केली, त्याच्या आवडीचा उपमा केला. चिऊचा घास, काऊचा घास, मोबाईलवर गाणी, सगळं झालं. तो तोंड फिरवायचा, मी वाटी घेऊन दुसऱ्या बाजूला जायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कसाबसा एक घास आत गेला आणि तो झोपला. पाच-दहा मिनिटांनी माझं लक्ष गेलं तर उजवा गाल फुगलेला. घास तसाच गालात धरून पोरगं झोपलं होतं. बोट घालून तो घास बाहेर काढताना माझा हात थरथरत होता. घशात गेला असता तर? गिळण्याचीही ताकद नव्हती त्याच्यात, आणि मी भरवत होते.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. काय काय खाल्लं ते मी घास मोजून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ''शू किती वेळा झाली आज?''

मला सांगता येईना. सकाळी एकदा झाली होती, मग दुपारी... नाही, आठवेना. त्यांनी त्याची जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, रडताना डोळ्यांत पाणी येतं का ते विचारलं. मग म्हणाल्या, ''दोन-तीन दिवस जेवला नाही तर चालेल, पाणी कमी पडलेलं चालणार नाही.'' ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की कातडीतून आणि श्वासातून जाणारं पाणी साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. त्यातून भूक नसते, कारण ताप चढवणारी जी रसायनं मेंदूपर्यंत पोचतात, तीच भूकही मारतात. म्हणजे तो हट्ट करत नव्हता. हे कळल्यावर फार वाईट वाटलं मला.

त्याच्या वजनाच्या मुलाला एरवीसुद्धा दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास द्रव लागतो. दूध, पेज, ताक, पाणी सगळं धरून. घरी येऊन मी किराण्याची वही घेतली, मागच्या पानावर तीन रकाने आखले: वेळ, किती प्यायला, शू.

माझ्या सासूबाई मालवणच्या, सध्या आमच्याकडे डोंबिवलीतच असतात. दोन दिवस त्या मला सांगत होत्या, ''तेका जबरदस्ती करू नको गो. भूक नाय तर नाय. पेजेची निवळ दी.'' मी ऐकत नव्हते. मला वाटायचं, नुसत्या पेजेत काय असतं? त्या रात्री त्यांनी स्वतःच मूठभर उकडे तांदूळ धुऊन पातेल्यात भरपूर पाण्यात शिजत लावले. कुकर नाही. पाऊण-एक तास मंद आचेवर, तांदूळ फुटेपर्यंत. चिमूटभर मीठ. मग वरची निवळ वाटीत ओतून कोमट होऊ दिली. मी चमच्याने द्यायला लागले. छोटा चमचा, पाच मिलीचा. पाच मिनिटांनी दोन चमचे. ऐकायला काहीच नाही वाटत, पण तासाभरात 120 मिली होतात! पेला तोंडाला लावला की तो ओठ मिटायचा, चमचा मात्र पेंगतानासुद्धा ओठांवर टेकवला की उघडायचे ओठ. मात्र पुरता जागा करून, मांडीवर डोकं उंच धरूनच द्यायचे, आडवं असताना नाही, हे गालातल्या घासाने मला शिकवलं होतं.

पेजेला कंटाळला की शहाळ्याचं पाणी, मुगाचं कढण, पातळ ताक. साधं पाणी तर होतंच. ताप असताना दूध देऊ नये म्हणतात, पण त्याला उलट्या होत नव्हत्या आणि दूध तो मागून प्यायचा, म्हणून दिलं.

तिसऱ्या दिवशी दोनदा पातळ शी झाली, तेव्हा ओआरएस सुरू केलं. इथे माझ्या हातून चूक होता होता राहिली. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, आणि मी त्यातलं अंदाजे अर्धं एका पेल्यात घालायला निघाले होते. तेवढं खारट पाणी मुलाला बाधू शकतं. अख्खं पाकीट, अख्खं लिटर, उकळून गार केलेलं पाणी, आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. औषधाच्या दुकानात मिळणारी गोड गोड तयार पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर खूप आणि मीठ कमी असतं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं जात होती आणि सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना पाजलं. आपल्या घरच्या पाकिटामागे तो अनुभव आहे. त्याचं माप म्हणूनच मोडू नये.

शेजारच्या ताईंचं बाळ चार महिन्यांचं आहे, त्यांनी माझी वही बघून विचारलं, मीही पेज देऊ का? नाही! सहा महिन्यांच्या आत फक्त आईचं दूध, तापात जास्त वेळा. वरचं पाणीसुद्धा नाही. आणि वर्षाच्या आत मध नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप आला तर घरी काहीच करत बसायचं नाही, तडक दवाखाना.

मला स्वतःला डॉक्टरांनी कधी परत यायचं तेही सांगितलं होतं. सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, उठवलं तरी उठत नाही, प्यायलेलं सगळं उलटतंय. आणि पावसाळा आहे, डेंग्यूचा संशय जाईपर्यंत पॅरासिटॅमॉलखेरीज तापाचं दुसरं औषध नाही. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो, त्यामुळे अंग गार लागलं म्हणून लगेच निर्धास्त व्हायचं नाही, पोट दुखतंय का, कुठून रक्त येतंय का बघायचं. चिकूची तपासणी निगेटिव्ह आली.

वहीचं ते पान अजून आहे. तिसऱ्या दिवशीच्या रकान्यात शू एकूण तीन वेळा, रंग गडद. चौथ्या दिवशी सहा वेळा, आणि पुढे मी लिहिलंय 'फिकट!!' त्या रात्री ताप उतरला. सकाळी सासूबाईंनी गुरगुट्या भात, तूप आणि मेतकूट कालवून ताटली त्याच्यासमोर नुसती ठेवली, कुणी काही बोललं नाही. त्याने स्वतः चार घास खाल्ले आणि बाजूला सरकवली. मी ताटली उचलली. पुढचे दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्तीचं द्या, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते तो स्वतःच मागायला लागला. दुपारी चार वाजता, शाळेचा डबा खाऊन झालेला असतानाही, ''आजी, पेज.''