यादीतलं तिसरं नाव

मे २०२५. जळगावचं ऊन असं की दुपारी तीनला सर्व्हर रूमचा एसीही हात टेकतो. त्याच दिवसांत स्लर्म या सॉफ्टवेअरमधल्या एका भोकाची सिक्युरिटी नोटीस आली, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-४३९०४.

आमच्या कॉलेजातल्या छोट्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, कोणाचा जॉब कधी आणि कुठल्या नोडवर (त्यातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर) चालेल, हे स्लर्म ठरवतं. त्यात कोऑर्डिनेटरला आपल्या अकाउंटपुरतेच, म्हणजे आपल्या गटापुरतेच अधिकार असतात: माणसं जोडायची, मर्यादा बदलायच्या. भोक असं, की तो एखाद्या युजरला थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू शकत होता. आमच्याकडे असे सहा कोऑर्डिनेटर. सोय म्हणून मीच नेमलेले.

पॅच, म्हणजे दुरुस्त केलेली आवृत्ती, टाकायच्या आधी मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची यादी काढली. कोणी आधीच आत शिरलं असेल तर पॅचने तो बाहेर निघत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोनच हवे होते. निघाले तीन. तिसरं नाव पीएचडीच्या एका मुलीचं. केळीच्या पानांच्या फोटोंवरून करपा ओळखणारं मॉडेल ती ट्रेन करते.

घशाला कोरड पडली. फोन लावायला मोबाइल उचलला आणि परत ठेवला. आधी नोंदी बघू. कोणी, केव्हा, काय बदललं, हे सगळं स्लर्मच्या डेटाबेसात राहतं. ओळी मागे मागे नेत गेलो. सप्टेंबर २०२३, बदल करणारा: रूट, सर्व्हरचं मुख्य खातं. म्हणजे मीच. तेव्हा तिचे जॉब अडकत होते म्हणून तात्पुरता अधिकार दिला, तो काढायचा राहून गेला. आणि मी तिलाच जाब विचारायला निघालो होतो! आजही तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो.

डेटाबेसचा बॅकअप घेतला. मग पॅच या क्रमाने: आधी स्लर्मडीबीडी (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम), नंतर कंट्रोलर (जॉब वाटणारा), शेवटी नोड. डीबीडी बंद असताना चालू जॉब थांबत नाहीत, कंट्रोलर नोंदी धरून ठेवतो. हे पक्कं माहीत असूनही नजर जॉबच्या यादीवरून हलेना. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला.

शिपाईकाका दारात. "काय व्हयनं भाऊ?"

"काका, जनरेटर लावा, लवकर."

स्लर्मच्या २३.११.११ या दुरुस्त आवृत्तीवर आलो तेव्हा तिचा चार दिवसांपासूनचा जॉब चालूच होता.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. "सर, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. कोऑर्डिनेटर सहाचे दोन केले. एका विभागप्रमुखांना ते रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मी ती नोटीस ओळ न् ओळ वाचून दाखवली.